आहार-सल्ला: टाको चालेल, शिळं चालणार नाही

प्रश्न: डॉक्टरांनी महिनाभर कमी हिस्टामाईनचा (ॲलर्जीसारखा त्रास देणाऱ्या घटकाचा) आहार सांगितलाय. घरात मुलांसाठी टाको (सारण भरून दुमडलेल्या मेक्सिकन पोळ्या) होतात, तेव्हा मी काय खाऊ? टोमॅटो, चीज, लिंबू, लोणच्याची मिरची सगळंच बंद आहे. (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

टोमॅटोचं दुःख करू नका, तो सहज बदलता येतो. खरं लक्ष मांसावर ठेवा. मांसातल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाचं हिस्टामाईन जिवाणू करतात. त्यांना वेळ आणि ऊब मिळाली की काम सुरू. एकदा तयार झालेलं हिस्टामाईन शिजवून, तळून किंवा कुकरच्या शिट्ट्यांनी जात नाही. म्हणून दुकानातला तयार खिमा नको. खिम्यात मांसाचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि जिवाणू सगळीकडे पसरतात. समोर कापून घेतलेलं बिनहाडाचं चिकन, ३०० ग्रॅम, घरी आणल्या आणल्या बारीक चिरा आणि लगेच परता. एक चमचा तेल, अर्धा कांदा, एक चमचा धणे पूड, चिमूटभर ओरेगॅनो, मीठ. कांदा-लसूण चटणी या महिन्यात नको, तिखट मिरची बऱ्याच जणांना त्रास देते. मसाल्याचं तयार पाकीटही नको, त्यात मिरचीबरोबर यीस्टचा अर्क असू शकतो.

टोमॅटोऐवजी २०० ग्रॅम लाल भोपळा भाजून घ्या. त्यात बिटाचा पेराएवढा तुकडा (जास्त घातलात तर चटणी जांभळी आणि मातकट होते), लसणाची एक पाकळी, मूठभर कोथिंबीर आणि दोन चमचे डाळिंबाचा रस घालून वाटा. पाणी घालू नका. पातळ चटणीनं टाको खालून फाटतो. वर किसलेली कोबी, काकडी. चीज हवंच असेल तर मुरवलेलं चेडार सोडून त्याच दिवशी घरी केलेलं पनीर. दूध लिंबानं फाडलं असेल तर पनीर दोन पाण्यांनी धुवा.

प्रश्न: मक्याच्या पिठाच्या टाकोच्या पोळ्या दुमडल्या की तुकडे पडतात. गिरणीतून दळून आणलेलं पीठ आहे. (वाचक, गांधीनगर)

पिठाचा दोष नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, त्यामुळे पीठ एकमेकांना धरून राहतं. गिरणीचं पीठ कोरड्या दाण्यांचं असतं, त्यात ग्लुटेनही नाही. सोपी वाट म्हणजे उकड. दीड वाटी पाणी खळखळ उकळून त्यात मीठ आणि दोन वाट्या पीठ घाला, गॅस बंद करून झाकण ठेवा, पंधरा मिनिटांनी कोमट असताना रगडून मळा. लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पाटानं दाबा. चांगल्या तापलेल्या तव्यावर एका बाजूला मिनिटभर. काढल्या काढल्या फडक्यात गुंडाळा. वाफ धरून राहिली की पोळी दुमडते. उघडी ठेवलीत तर कडक होणारच.

अस्सल पद्धतीची हौस असेल तर अर्धा किलो वाळलेल्या मक्याला दीड लिटर पाणी आणि ५ ग्रॅम खाण्याचा साधा चुना (पानाचा सुगंधी नको). अर्धा-पाऊण तास मंद शिजवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी चोळून सालं काढत धुवा. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला चुना खातो. मिक्सरला पाणी लागतं आणि पीठ सैल होतं, त्यामुळे पाटा-वरवंटा असेल तर तोच काढा. वाटलेलं पीठ त्याच दिवशी संपवा, आंबलं तर तुमच्या कामाचं नाही.

प्रश्न: पांढरा रस्सा तिखट नसतो. तोच टाकोबरोबर चालेल ना? (वाचक, शाहूपुरी)

रंगावर जाऊ नका. हिस्टामाईन पाण्यात विरघळतं, म्हणजे मटणातलं ते अळणीत (मटण शिजवलेल्या पाण्यात) उतरतं, आणि पांढरा रस्सा त्याचाच. त्यात पातेलं रविवारी दुपारपासून ओट्यावर निवत पडलेलं असतं, आणि सोमवारचा रस्सा तर विचारूच नका. उरलेलं मांस पसरट डब्यात पटकन गार करून थेट फ्रीझरमध्ये टाका. खालच्या कप्प्यात जिवाणू मंदावतात, थांबत नाहीत. खाताना बाहेर वितळू न देता सरळ कढईत टाका.

प्रश्न: बांगड्याचा टाको? (वाचक, कसबा बावडा)

या महिन्यात नाहीच. बांगडा आणि कुप्पा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर. घाट चढून येईपर्यंत बर्फ जरा कमी पडला तरी मासा वासाला ठीक लागतो, आत मात्र हिस्टामाईन वाढलेलं असू शकतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची माशांसाठीची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे, ती निरोगी माणसासाठी; तुम्हाला त्याहून कमीतही त्रास होऊ शकतो. ओठ किंवा घसा सुजला, श्वास कोंडला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न: महिना संपल्यावर काय आधी सुरू करू? (वाचक, ताराबाई पार्क)

हे पथ्य जन्माचं नसतं, साधारण २ ते ४ आठवडे. मग एका वेळी एकच पदार्थ, थोडासा, आणि पुढच्याआधी दोन-तीन दिवस थांबा. चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. काही औषधं हिस्टामाईन मोडणाऱ्या डीएओ या विकराला (एन्झाईमला) अडवतात. सुरुवात लिंबापासून करा. लिंबात हिस्टामाईन फारसं नसतं. ते शरीरातल्या पेशींना हिस्टामाईन सोडायला लावतं असं मानतात म्हणून यादीत येतं, आणि त्याचा पुरावा तोकडा आहे. अर्धा चमचा रस टाकोवर पिळून पाहा. टोमॅटो त्यानंतर, मुरलेलं चीज अगदी शेवटी.