मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं?

शाळेत 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. या वेळच्या पत्रांत एकच वाद वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे: शाळेतला प्रयोग खरा की घरचा? त्यातली चार पत्रं इथे घेते. पहिल्याला जरा जास्त जागा देते, कारण ते नववीतल्या मुलीचं आहे आणि तिने काहीतरी खरोखर पाहिलं आहे.

प्रश्न: बाई, शाळेत आम्ही ताटलीत पाणी घेऊन मध्ये मेणबत्ती लावली आणि वर काचेचा ग्लास पालथा घातला. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं. जर्नलमध्ये अनुमान लिहिलं: जळताना ऑक्सिजन संपतो, त्याची जागा पाणी घेतं, म्हणून पाणी एक पंचमांश चढतं. घरी मी त्याच ग्लासाखाली आधी एक आणि मग तीन मेणबत्त्या लावल्या. तीन लावल्यावर पाणी कितीतरी जास्त चढलं. हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, मग असं का? सरांना विचारलं तर म्हणाले, पुस्तकातलं लिही. माझं काही चुकलं का?

उत्तर: नाही, बाळ. तुझा प्रयोग बरोबर आहे, जर्नलमधलं अनुमान चुकीचं आहे. ग्लास, ताटली, पाणी तेच ठेवून तू फक्त मेणबत्त्यांची संख्या बदललीस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तू केलंस, याचा मला फार आनंद झाला.

आता तोच प्रयोग पुन्हा कर, पण या वेळी पाणी किती चढतं त्यापेक्षा कधी चढतं ते बघ. ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ज्योत बारीक होते, विझते, धुराची एक रेघ उठते आणि मग पाणी भराभर वर येतं. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे ते चढत असतं, तर ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं. दुसरं, ग्लास टेकवताना त्याच्या कडेकडे बघ. बहुतेक वेळा दोन-चार बुडबुडे बाहेर पडताना दिसतील. ज्योतीवर ग्लास आला की आतली हवा तापते, फुगते आणि थोडी निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन ज्योती जास्त हवा तापवतात, जास्त हवा बाहेर जाते, म्हणून पाणी जास्त चढतं. मुख्य कारण हेच आहे.

ऑक्सिजनचा हिशेबही करून बघू. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. बंद जागेतली मेणबत्ती तो साधारण 16 टक्क्यांवर आला की विझते, म्हणजे बराचसा ऑक्सिजन आतच राहतो. जे पाच भाग वापरले गेले त्यांच्या बदल्यात सव्वातीन भागांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो एवढ्याशा वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. जळताना झालेली वाफ मात्र काचेवर पाणी होऊन बसते. म्हणजे शंभरातले जेमतेम दोन भाग कमी झाले. तेवढ्याने पाणी एक पंचमांश कसं चढेल?

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मीही हे चुकीचं अनुमान फळ्यावर लिहिलं आहे. त्याचं मला वाईट वाटतं. त्यावर खरा उपाय असा प्रयोग आहे, जो शाळेत सहसा होत नाही. बारीक लोखंडी लोकर घे, सुतारकामात लाकूड गुळगुळीत करायला वापरतात ती. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी चालणार नाही, ती गंजत नाही. लोकर दोन-तीन मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडव, म्हणजे तिच्यावरचा तेलाचा थर जाईल. झटकून सैलसर मोकळी कर आणि उंच, अरुंद काचेच्या भांड्याच्या तळाशी अशी बसव की पालथं केल्यावर पडणार नाही. भांडं पाण्यात उभं पालथं ठेव, पातळीवर रबरबँड लाव आणि झोपायला जा. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं, बदल्यात वायू सोडत नाही, आणि इथे काही तापतही नाही. एक-दोन दिवसांत पाणी साधारण एक पंचमांश चढून थांबेल. तो मात्र खरोखर ऑक्सिजनचा हिस्सा आहे.

शाळेचा तास 35 मिनिटांचा. गंज काही घंटेची वाट बघत नाही. म्हणून शाळेत मेणबत्ती येते आणि तिच्यासोबत ते सोपं, चुकीचं वाक्य येतं. घरी तुझ्याकडे रात्र असते. जर्नलमध्ये निरीक्षणाच्या रकान्यात तू पाहिलंस तेच लिही. आणि सरांशी वाद घालू नकोस. मधल्या सुट्टीत एक आणि तीन मेणबत्त्यांचे ग्लास त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी लावून दाखव. ते शिक्षक आहेत, त्यांनाही बघायला आवडेल.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. बाथरूममध्ये दार लावून बाटल्यांतलं काहीबाही एकत्र करत असतो. मागच्या आठवड्यात इतका उग्र वास आला की माझा घसा धरला. मी सगळं फेकून दिलं, वहीसकट. तेव्हापासून तो धड बोलत नाही. शाळेत प्रयोगशाळा आहे ना, मग घरी कशाला?

उत्तर: ताई, बाटल्या काढून घेतल्यात ते अगदी योग्य केलंत. वही मात्र सापडली तर परत द्या, आणि नसेल तर नवी आणून द्या.

आधी त्या वासाविषयी. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात ॲसिडचा टॉयलेट क्लीनर पडला की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काही मिसळलं तर क्लोरामाइन होतात, तीही फुप्फुसाला घातकच. असं कधी झालं तर ताबडतोब सगळ्यांनी खोलीबाहेर, मोकळ्या हवेत जायचं. बादली रिकामी करायला आत परतायचं नाही. श्वास लागला, खोकला थांबेना, तर डॉक्टर गाठायचा. साफसफाईची दोन द्रव्यं एकमेकांत कधीच मिसळायची नाहीत, हे त्याला कारणासकट सांगा. नुसतं 'हात लावू नकोस' म्हटलं की मुलं दार लावून घेतात.

अजून तीन गोष्टी घरी नकोतच. मिठाच्या पाण्यातून वीज सोडणं, कारण तिथेही क्लोरीन निघतो. वायू तयार होत असलेली बाटली घट्ट बंद करणं. आणि नाल्या मोकळ्या करायचा कॉस्टिक सोडा.

या शेवटच्यावर मी थोडं थांबते. अकरावीत असताना मी त्याचे दोन-तीन पांढरे कण बोटांनी उचलले होते. दुखलं नाही. बोटं नुसती बुळबुळीत झाली, साबण लावल्यासारखी, आणि मी ती एकमेकांवर चोळत उभी राहिले. आमच्या बाईंनी ते पाहिलं, मनगट धरून मला नळापाशी नेलं आणि बराच वेळ हात धारेखाली धरून ठेवला. माझ्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत होता. कण डोळ्यात गेला असता तर दृष्टी गेली असती. ते बुळबुळीत म्हणजे काय, हे ओळखणारी बाई त्या खोलीत होती. शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू आणि बर्नरपेक्षाही मला तिचं मोल जास्त वाटतं.

म्हणून मुलाशी एक करार करा. दार उघडं, डोळ्यांवर चष्मा, आणि कुठलीही बाटली उघडण्यापूर्वी त्यात काय आहे आणि मिसळल्यावर काय तयार होईल हे त्याने तुम्हाला सांगायचं. सांगता आलं नाही तर त्या दिवशी तो प्रयोग नाही, आधी शाळेत जाऊन विचारायचं. तरीही करण्यासारखं खूप उरतं. जांभळ्या कोबीचा अर्क आम्लात लाल होतो, अल्कलीत हिरवा. काळ्या स्केचपेनची शाई गाळणकागदावर पाण्याने फुटून निळी, तांबडी, पिवळी होते. खिळे कुठल्या पाण्यात लवकर गंजतात, हा तर महिनाभराचा उद्योग आहे. आणि एकदा तुम्हीही शेजारी बसा, ताई.

प्रश्न: मी नुकताच विज्ञान शिक्षक झालो आहे. वर्गात 45 मुलं, प्रयोगशाळेचं कपाट कायम कुलपात. दोन-तीन मुलं घरी काही करून आणतात आणि दाखवायला मागे लागतात. वरिष्ठ म्हणतात, त्याला गुण नाहीत, वेळ घालवू नका. मी काय करावं?

उत्तर: त्या मुलांना दहा मिनिटं द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी.

विल्यम पर्किन 1856 मध्ये 18 वर्षांचा होता. ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधल्या घरच्या खोलीत तो क्विनीन हे हिवतापावरचं औषध बनवायला बसला. क्विनीन झालं नाही, काळपट साका मिळाला. भांडं अल्कोहोलने धुताना जांभळा रंग आला आणि तो रंग कृत्रिम रंगांच्या उद्योगाची सुरुवात ठरला. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गळतो: क्विनीन बनवण्याचा विचार त्याला त्याच्या कॉलेजातल्या हॉफमान या प्राध्यापकांकडून मिळाला होता आणि हातही तिथल्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. कॉलेजने प्रश्न दिला, सुट्टीने वेळ दिला.

जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्सचं उदाहरण मला त्याहून जवळचं. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. घर आणि आजारी आईवडील सांभाळत तिने पत्र्याचं लांबट भांडं केलं, पाण्यावर आडवी सरकणारी पट्टी केली, आणि पाण्याला टेकलेलं बटण उचलायला किती वजन लागतं हे तराजूने मोजत राहिली. पाण्यावरच्या तेलकट थराने पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण, कसा बदलतो, हे तिला असं कळलं. तिचा भाऊ भौतिकशास्त्र शिकला होता, तो तिला वाचायला पुरवायचा. 1891 मध्ये तिने लॉर्ड रॅले या नामवंत इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांना पत्र लिहिलं. त्यांनी ते भाषांतर करवून 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षी ते छापून आलं. रॅले म्हणू शकले असते, की या बाईंकडे पदवी नाही.

तुमच्या हाती एवढं नक्की आहे: मुलांची वही वाचा. काय बदललं, काय तसंच ठेवलं, किती वेळा केलं, हे तीन प्रश्न समासात लिहा. धोक्याचं काही दिसलं तर त्याच दिवशी पालकांशी बोला. आणि कपाटाची किल्ली मागत राहा. मला ती मिळायला चार वर्षं लागली.

प्रश्न: तुरटीचा स्फटिक करतोय. पुस्तकातल्यासारखा पारदर्शक होत नाही, पांढराच होतो. इयत्ता सातवी.

उत्तर: तू घाई करतो आहेस. द्रावण भराभर निवलं की स्फटिक वाढताना पाण्याचे बारीक थेंब आत अडकतात आणि तो दुधाळ दिसतो. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाल, पूर्ण निवू दे, तळाशी बसेल ते गाळून बाजूला ठेव. तळाच्या दाण्यांतला एक नितळ, सुबक दाणा निवडून नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांध. सुती दोऱ्यावर भलतीकडेच दाणे धरतात. मग तो गाळलेल्या द्रावणात टांग. दाणा विरघळायला लागला तर द्रावण अजून संपृक्त झालेलं नाही, म्हणजे त्यात आणखी तुरटी मावते, असं समज. वरून कागद झाक, म्हणजे पाणी सावकाश उडेल, आणि भांडं उन्हापासून, चुलीपासून लांब अशा कोपऱ्यात ठेव जिथे कुणाचा धक्का लागणार नाही. रोज उचलून बघू नकोस. तीन आठवड्यांनी आठ पृष्ठांचा स्फटिक मिळाला की पट्टीने कड मोजून मला कळव.