दर उतरवू नका, आधी दुसरा पुरवठादार व्हा

ताई, तुमचं गोव्यात कुंडईला कोरुगेटेड (पन्हळी पुठ्ठ्याच्या) खोक्यांचं युनिट आहे, वेर्ण्यातल्या औषध कंपन्या कोटेशन मागवतात आणि गप्प बसतात, म्हणून दर आणखी उतरवू का, असं तुम्ही विचारलंय. उतरवू नका. मी बावीस वर्षं हाच धंदा करतोय. औषध कंपनीच्या हिशेबात खोकं ही किरकोळ बाब, पण खोक्यांवाचून डिस्पॅच अडला की परचेसवाल्याची झोप उडते. त्याला खात्री हवी असते.

तेव्हा त्याला सांगा, ‘नेहमीचा पुरवठादार राहू द्या, मला दुसरा म्हणून घ्या.’ मला पहिली ऑर्डर तशीच मिळाली. जुलैत घाटात दरड कोसळली, कोल्हापूरचा ट्रक अडकला आणि संध्याकाळी फोन आला: उद्या तीनशे खोकी मिळतील? रात्रभर मशीन चालवलं, सकाळी टेम्पो वेर्ण्याला. घाटाच्या अलीकडे असणं हेच आपलं भांडवल.

पुढे कंपनीचे क्यूएवाले, म्हणजे गुणवत्ता बघणारे, ऑडिटला येतील. ते मशीनपेक्षा नोंदी जास्त पाहतात: रिळागणिक जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन), बर्स्टिंग स्ट्रेंथ (किती दाबाला फाटतो), ओलावा, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त. आपल्या पावसात कागद ओल धरतो आणि थप्पीतली खालची खोकी दबून चेपतात. जून ते सप्टेंबर ओलावा रोज मोजा, वही न मागता पुढे करा. कागदाची मिल बदलायची असेल तर आधी लेखी कळवा. मी एकदा कळवलं नाही. खोकी उत्तम होती, तरी सगळा लॉट परत आला आणि सहा महिने फोन नाही. ते अजून सलतं.

पैशांचं थोडक्यात. उद्यम क्रमांक (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने अशी थकवलेली सूक्ष्म-लघु उद्योगांची बिलं प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय कंपनीला करासाठी खर्चात धरता येत नाहीत. हे संरक्षण उत्पादकाला आहे, नुसत्या ट्रेडरला नाही. तेव्हा उद्यम नोंदणीत तुमचं काम ‘उत्पादन’ असंच नोंदलंय ना, हे आजच बघा.

आणि तुमच्याकडे बर्स्टिंग टेस्टर आहे का, ते लिहा. नसेल तर ऑडिटची तारीख मागण्याआधी तो घ्या.