“मॅडम, तुम्हीच सांगा, मी काय करू?”

“बोलायला घरचे आहेतच. इथे पैसे भरून पुन्हा बोलतच बसायचं का? उपाय सांगा, मी करते.” पहिल्यांदा समुपदेशनाला येणारे बरेच जण हे विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. सुनंदाताईंनीही हेच विचारलं होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय पन्नाशीचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याची फिरतीची नोकरी. रात्री छातीत धडधड व्हायची, झोप उडालेली. ईसीजी, थायरॉइड, सगळं तपासून झालं, काही निघालं नाही, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

मी श्वासाचा व्यायाम सुचवला की “हो, करते.” पुढच्या वेळी “केला, बरं वाटलं.” कुठल्या विषयावर बोलायचं विचारलं तर “तुम्ही म्हणाल त्यावर.” चेहरा मात्र तसाच ओढलेला.

माझ्या शिक्षणात भर तंत्रांवर होता: विचारांची नोंद ठेवणं, शिथिलीकरण (शरीर-मन सैल सोडण्याचा सराव), वर्तनातले छोटे बदल. ती तंत्रं मी आजही वापरते. पण ती रुजतात नात्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्येच समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समोरच्याचं मन आतून समजून घेणं यांना बदलाचा पाया मानलं होतं. पुढे १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी समुपदेशक आणि समोरची व्यक्ती यांच्यातल्या जुळणीचे तीन धागे सांगितले: काय साधायचं यावर एकमत, कसं साधायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. सुनंदाताईंशी पहिल्या दोन गोष्टींवर एकमत होतच नव्हतं. होत होता तो फक्त होकार.

एकदा मी तेच त्यांच्यासमोर ठेवलं. “ताई, माझ्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही हो म्हणता. मला कधी कधी वाटतं, तुम्ही मलाही सांभाळून घेताय. घरी असंच होतं का?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “खरं सांगू? तो श्वासाचा व्यायाम मला आवडत नाही. डोळे मिटले की धडधड जास्तच जाणवते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

मला मनापासून आनंद झाला. त्या नकारानंतर काही बिघडलं नाही, कुणी रुसलं नाही, उलट आम्ही दोघींनी मिळून तो व्यायाम बाजूला ठेवला. हा अनुभव त्यांना मी शब्दांत समजावून देऊ शकले नसते. तो त्यांनी खोलीत प्रत्यक्ष घेतला. नात्यावर आधारलेलं समुपदेशन म्हणतात ते हेच.

मग उद्दिष्टही बदललं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘निद्रानाश’ होतं. ताईंना हवं होतं ते वेगळंच: आठवड्यातून एक दुपार भजनी मंडळात जायला मिळावं, आणि तेवढा वेळ दिरांनी आईपाशी थांबावं. हे मला सुचलं नसतं. दिरांशी काय बोलायचं, कुठल्या वेळी, वहिनी म्हणून किती स्पष्ट, याचा आराखडा त्यांनीच केला. मी प्रश्न विचारले आणि खोलीत दिरांची भूमिका घेऊन सराव करून घेतला. दिरांनी सुरुवातीला टाळलं, नंतर गुरुवार कबूल केला. धडधड अजून पूर्ण गेलेली नाही, झोप बरीच सुधारली आहे.

मी थेट सांगतच नाही, असं मात्र नाही. जीव नकोसा वाटत असेल, घरात मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षिततेचं पाहते. तेव्हा मी स्पष्ट सूचना देते. दोन भेटींच्या मध्ये मन फार अस्वस्थ झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

तुम्ही समुपदेशन घेत असाल आणि नुसतंच बोलणं चाललंय असं वाटत असेल, तर ते समुपदेशकालाच सांगा. “आपण नेमकं कशासाठी भेटतोय, आणि ही पद्धत मला जमत नाहीये” असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यावर ते ऐकून घेतात, की तुम्हालाच गप्प करतात, त्यावरून तिथे पुढे जायचं का ते ठरवा.