कार्ब्युरेटरवरचा तारखेचा शिक्का कसा वाचायचा?

१९६९च्या शेव्हरोलेवर '९२२' छाप असलेला होली कार्ब्युरेटर मूळचाच का, असं तुम्ही विचारलंय. होलीच्या तीन आकडी छापात पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा आठवड्याचा. म्हणजे १९६९, फेब्रुवारी, दुसरा आठवडा. ऑक्टोबरला ०, नोव्हेंबरला ए आणि डिसेंबरला बी असतो. इथेच बहुतेकांची गफलत होते. वर्षाचा शेवटचाच आकडा असल्याने दशक मात्र मॉडेलवरूनच ठरवावं लागतं.

रोचेस्टर क्वाड्राजेट या दुसऱ्या बनावटीच्या कार्ब्युरेटरची रीत वेगळी. तिथे चार आकडे: पहिले तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात, चौथा वर्ष. '१२३९' म्हणजे १९६९चा १२३वा दिवस, ३ मे.

आता गाडी कधी बांधली ते पाहा. कार्ब्युरेटर त्याआधी काही आठवडे ते दोन-तीन महिने बनलेला असावा. गाडीनंतरची तारीख असेल, तर तो नंतर बदललेला, यात शंका नाही.

पण तारीख जुळली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. तारखेच्या वरचा लिस्ट नंबर (होलीचा मॉडेल क्रमांक) तुमच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीचाच हवा. मी तर आधी तोच तपासतो. आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग घासलेला दिसला, तर छाप नव्याने मारलेला असू शकतो.