पहिलं महायुद्ध वाचायला घेताय?
साराजेव्होच्या गोळीबारापाशीच अडकू नका. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड तिथे मारला गेला, पण त्या देशाने सर्बियावर युद्ध पुकारलं ते बरोबर महिन्याने, २८ जुलैला. तो मधला महिना तारीखवार वहीत उतरवा. कोणी कोणाला तार केली, सैन्य कधी जमवलं, आगगाड्यांची वेळापत्रकं मुत्सद्द्यांना कशी भारी पडली, सगळं तिथेच उलगडतं. आघाड्या नुसत्या घोकू नका. इटली जर्मनीच्या गोटातला, आणि १९१५ मध्ये उतरला समोरच्या बाजूने! मीही आधी फ्रान्समधल्या व्हर्दन आणि सोमच्या लढायाच वाचत बसलो होतो. मेसोपोटेमिया (आजचा इराक) मात्र सोडू नका. तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात उपासमार होऊन एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’ होतं.