वाचकांचे प्रश्न : सर्व्हर काढला, त्याची कामे कोणाकडे?

प्रश्न : आम्ही काही जण मिळून पीअर-टू-पीअर पद्धतीचे मेसेजिंग ॲप तयार करत आहोत. दोन फोन थेट एकमेकांशी जोडले जातात, मजकूर एन्क्रिप्ट होऊन (किल्ली असलेल्यालाच वाचता येईल अशा सांकेतिक रूपात) जातो आणि मध्ये आमचा सर्व्हर नाही. चाचणीसाठी ॲप वापरणारे लोक आता चार गोष्टी मागत आहेत : समोरच्याचा फोन बंद असला तरी संदेश पोहोचावा, पाठवलेला संदेश दोन्हीकडून पुसता यावा, गट करता यावेत आणि एकच खाते दोन उपकरणांवर चालावे. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : या चारही मागण्यांचे मूळ एकच आहे. नेहमीच्या ॲपमधला सर्व्हर संदेश पोहोचवतो, शिवाय तो संदेश सांभाळतो, कोण कुठे जोडलेले आहे हे लक्षात ठेवतो, कोणता संदेश आधीचा हे ठरवतो आणि गटाची सदस्ययादीही बाळगतो. तुम्ही सर्व्हर काढलात, पण ही कामे शिल्लकच राहिली. म्हणून प्रत्येक फीचर हाती घेताना दोन गोष्टी आधी कागदावर लिहून काढाव्यात : हे काम आता कोणाच्या गळ्यात पडणार, आणि ते करताना त्याला काय काय कळणार.

सुरुवात निःसंशय बंद फोनापासून करावी, कारण ते जमले नाही तर बाकीची फीचर्स वापरायला कोणी थांबणार नाही. दोन्ही फोन एकाच वेळी जोडलेले असतील तेव्हाच संदेश द्यायचा, हा मार्ग सर्वांत सोपा. टॉक्स या पीअर-टू-पीअर संदेशव्यवस्थेवरची अनेक ॲप्स असेच करतात : संदेश पाठवणाऱ्याकडेच राहतो आणि समोरचा दिसला की जातो. संगणकावर हे खपून जाते. मोबाइलची कार्यप्रणाली मात्र मागे चाललेल्या ॲपला फार काळ जागे राहू देत नाही (आयफोनवर तर हे विशेष जाणवते), त्यामुळे दोन फोन दिवसभर खिशात असूनही एकमेकांना न भेटण्याची शक्यता बरीच असते. दुसरा मार्ग अनोळखी नोड्सवर (जाळ्यातल्या इतरांच्या उपकरणांवर) संदेश साठवण्याचा आहे. त्यात मजकूर सुरक्षित राहिला तरी कोणासाठी, केव्हा आणि केवढ्या आकाराचे काही आले, हे त्या नोडला दिसते. शिवाय जागा किती द्यायची आणि साठा केव्हा टाकून द्यायचा, हेही ठरवावे लागते. तिसरा मार्ग ब्रायर या पीअर-टू-पीअर मेसेजिंग ॲपने निवडला आहे. तिथे वापरणारा स्वतःच्या जुन्या, सतत चार्जिंगला लावलेल्या अँड्रॉइड फोनवर ‘मेलबॉक्स’ चालवू शकतो आणि त्याच्यासाठी आलेले एन्क्रिप्टेड संदेश तिथे थांबतात. मी यालाच कौल देईन, कारण विश्वास कोणावर टाकायचा हे इथे वापरणाराच ठरवतो. सर्वांकडे जादा फोन नसतो, ही अडचण खरी आहे. म्हणून ही सोय ऐच्छिक ठेवावी आणि ती नसेल तेव्हा संदेशाखाली ‘अजून तुमच्याच फोनमध्ये आहे’ असे स्पष्ट दाखवावे.

यात एक बारीक गाठ आहे. डिफी आणि हेलमन यांच्या १९७६ च्या पद्धतीने, म्हणजे खासगी किल्ली आपल्याकडेच ठेवून फक्त तिची उघड करता येणारी सार्वजनिक जोडी एकमेकांना देऊन, सामाईक किल्ली काढायची, आणि पुढे कधी कायमची किल्ली चोरीला गेली तरी जुने संदेश उघडता येऊ नयेत अशी व्यवस्था करायची, तर दोन्ही बाजूंनी ताजी, तात्पुरती किल्ली लागते. झोपलेला फोन ती देणार कशी? सिग्नल या मेसेजिंग ॲपने यावर उपाय म्हणून अशा काही सार्वजनिक किल्ल्या आधीच सर्व्हरवर ठेवून दिल्या. तुमच्याकडे त्या मेलबॉक्समध्ये ठेवता येतील, किंवा संपर्क जोडतानाच समोरच्याच्या हाती देता येतील. एकदाच वापरायच्या किल्ल्या संपल्या तर काय, याचे उत्तर मात्र कोडमध्ये असले पाहिजे. संभाषण सुरू झाल्यावर डबल रॅचेट ही सिग्नलची पद्धत प्रत्येक संदेशाला नवी किल्ली काढते आणि वापरलेली पुसते. संदेश मागेपुढे पोहोचले तर मधल्या, न वापरलेल्या किल्ल्या काही काळ जपाव्या लागतात. त्यांच्या संख्येला मर्यादा घाला. नाहीतर कोणी मुद्दाम फार पुढचा क्रमांक घातलेला एकच संदेश पाठवून समोरचा फोन किल्ल्या काढण्यातच गुंतवून ठेवील.

गटांच्या बाबतीत घाई नको. दहा जणांच्या गटात प्रत्येक संदेश नऊ वेळा, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा, एन्क्रिप्ट करणे आजच्या फोनला जड नाही. मोठ्या गटांसाठी एमएलएस हे गटांच्या एन्क्रिप्शनचे प्रमाण २०२३ मध्ये आरएफसी ९४२० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात किल्ल्या झाडासारख्या रचल्यामुळे सदस्य बदलण्याचे काम मोठ्या गटातही आटोक्यात राहते. पण गटातले बदल कोणीतरी एका क्रमाने लावून देईल, हे त्यात गृहीत आहे. तुमच्याकडे तो ‘कोणीतरी’ नाही. एकाच क्षणी एका सदस्याने तिसऱ्याला काढले आणि दुसऱ्याने चौथ्याला घेतले, तर गटाच्या दोन शाखा फुटतात आणि त्या एकमेकींचे संदेश उघडू शकत नाहीत. तूर्त लहान गट आणि सुटे एन्क्रिप्शन पुरे. संदेशांचा क्रम फोनच्या घड्याळावरून लावू नका, कारण दहा मिनिटे मागे असलेल्या फोनवरून दिलेले उत्तर इतरांना प्रश्नाच्या आधी दिसेल. आपण पाहिलेल्या शेवटच्या संदेशांचे हॅश (मजकुरावरून काढलेले, ठशासारखे छोटे आकडे) प्रत्येक नव्या संदेशात घातले, की कोणता कशानंतर आला ते घड्याळाविना कळते.

दोन्हीकडून पुसणे ही केवळ विनंती असते. समोरच्याने स्क्रीनचे चित्र घेतले असेल, बॅकअप झाला असेल किंवा ॲपच बदलून घेतले असेल, तर तुमचा कोड तिथे काही करू शकत नाही. फीचर जरूर द्या, पण बटणावर ‘सर्वांसाठी पुसा’ लिहिण्याऐवजी ‘पुसण्याची विनंती पाठवा’ असे लिहा.

दोन उपकरणांचे काम शेवटी घ्या. खासगी किल्ली एका फोनवरून दुसऱ्यावर नकलून टाकण्याचा मोह होतो, पण मग रॅचेटच्या दोन प्रती वेगवेगळ्या पुढे सरकतात आणि संभाषण अडकते. प्रत्येक उपकरणाला स्वतःची किल्ली द्यावी आणि उपकरणांच्या यादीवर मुख्य ओळखीची सही असावी. खरा कस लागतो तो फोन हरवल्यावर : हे उपकरण आता माझे नाही, ही बातमी प्रत्येक संपर्काला स्वतंत्रपणे पोहोचवावी लागते, आणि ती पोहोचेपर्यंत हरवलेला फोन तुमच्या नावानेच बोलत राहतो.

प्रश्न : थेट जोडणीत समोरच्याला आपला आयपी पत्ता कळतो का? तो लपवता येतो का?

उत्तर : कळतो, आणि दोघांनाही कळतो. त्यावरून इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि ढोबळ ठिकाण समजू शकते. ओळखीच्या माणसांत हे चालून जाते, अनोळखी माणसाच्या पहिल्या संदेशाला मात्र चालत नाही; तेव्हा संपर्क स्वीकारेपर्यंत थेट जोडणी होऊच देऊ नये. आणखी एक लक्षात घ्यावे. बहुतेक फोन राउटरच्या किंवा मोबाइल कंपनीच्या सामाईक पत्त्याच्या आड असतात. स्वतःचा बाहेरचा पत्ता कळण्यासाठी स्टन सर्व्हर लागतो, आणि थेट वाट सापडलीच नाही तर टर्न सर्व्हरमार्फत सगळी वाहतूक जाते. जाहिरातीत ‘सर्व्हर नाही’ असे लिहिण्यापूर्वी हे दोन्ही मोजा. टोर या, वाहतूक अनेक संगणकांमधून फिरवणाऱ्या जाळ्याच्या ओनियन सेवेत दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते झाकलेले राहतात आणि राउटरची अडचणही उरत नाही, पण वेग कमी होतो. मजकुराला तो पुरतो, बोलण्याच्या कॉलला नाही.

प्रश्न : किल्ली पडताळून पाहण्याची सूचना कोणी वाचत नाही. ती काढून टाकावी का?

उत्तर : काढू नका, तिची जागा बदला. सिग्नलमध्ये दोघांना साठ आकडे दिसतात, पाच-पाचांच्या बारा गटांत. ते फोनवरून एकमेकांना वाचून दाखवणारे लोक थोडेच. पीअर-टू-पीअर ॲपमध्ये पत्ताच किल्ली असू शकतो. टॉक्सच्या ७६ अक्षरी पत्त्यात ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली अंतर्भूत असते. म्हणजे फसवणूक करायची तर ती पत्ता देता-घेतानाच करावी लागेल, आणि पडताळणीही तिथेच व्हायला हवी. समोरासमोर क्यूआर कोड वाचून जोडलेला संपर्क पडताळलेला धरावा. दुसऱ्या ॲपवरून आलेल्या लिंकने जोडलेल्या संपर्काच्या नावाशेजारी ‘पडताळलेला नाही’ असे चिन्ह ठेवावे आणि भेट होईपर्यंत ते तसेच राहू द्यावे.

प्रश्न : एन्क्रिप्शनची पद्धत आमची स्वतःची आणि गुप्त ठेवली तर अधिक सुरक्षित होईल ना?

उत्तर : नाही. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था टिकली पाहिजे, हे संकेतलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले. लिबसोडियमसारखी जुनी, तपासलेली एन्क्रिप्शनची लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या आणि जोडणीसाठी नॉइझ या सुरक्षित जोडणीच्या आराखड्यातला एखादा तयार नमुना वापरा. तुमचा वेळ चाचण्यांत जाऊ द्या. सामाईक किल्ली काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कर्व्ह२५५१९ साठी आरएफसी ७७४८ मध्ये नमुन्याची उत्तरे छापलेली आहेत, अगदी तीच गणना पुन्हा पुन्हा करत एक हजार आणि दहा लाख फेऱ्यांनंतरचीसुद्धा. हजार फेऱ्यांची चाचणी कोडच्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालू द्या, दहा लाखांची रात्री.