प्रशिक्षक कडक असतील, तर मैदान बदलावे का?

“मॅडम, सर फार ओरडतात. पोरगी मैदानावरून आली की कुणाशी बोलत नाही. दुसऱ्या संघात घालू का?” हा प्रश्न खेळाडू मुलांचे पालक मला वारंवार विचारतात, या वेळी तो खो-खो खेळणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीच्या आईने विचारला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

चेल्लादुराई आणि सालेह या संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेल्या क्रीडा-नेतृत्व मापनश्रेणीत, म्हणजे एका प्रश्नावलीत, प्रशिक्षकाच्या वागण्याचे पाच पैलू आहेत : कौशल्य शिकवणे, निर्णयांत खेळाडूंना सहभागी करून घेणे, एकहाती हुकमत चालवणे, खेळाडूची माणूस म्हणून आस्था ठेवणे आणि चांगल्या खेळाची दखल घेणे. खेळाडूला काय हवे आहे आणि प्रत्यक्षात काय मिळते आहे, हे त्यात वेगवेगळे विचारता येते. म्हणून मुलीशी मी या पाचही गोष्टींवर एकटीला घेऊन बोलले.

हुकमतीबद्दल तिची तक्रार नव्हतीच. “पहिल्या तुकडीत कोण पळणार ते सरांनीच ठरवावं, आम्ही ठरवायला बसलो तर भांडणंच होतील,” असे ती हसत म्हणाली. खांबाजवळ हुल देताना ती सारखी बाद होत होती आणि त्यावर “लक्ष कुठंय?” एवढेच ऐकू येत होते, पाय उशिरा वळतो की नजर चुकते, हे मात्र कोणी सांगत नव्हते. चांगली पळाली, तर सर गप्प.

दोघींच्या संमतीने मी सरांना भेटले. “मी गप्प बसलो म्हणजे ती चांगली खेळली, हे तिला कळायला नको?” त्यांनी अगदी मनापासून विचारले. असे प्रशिक्षक मला बरेच भेटतात आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांच्या गुरूंनीही असेच घडवलेले असते. मारहाण, शरीरावरून टोमणे किंवा चारचौघांत अपमान असता, तर मी शैलीची चर्चा न करता तक्रार करायला सांगितले असते. इथे तसे नव्हते. सरावानंतर त्यांनी तिच्या पळतीतली एक चूक कारणासह सांगायची आणि जमलेली एक गोष्ट नाव घेऊन सांगायची, एवढेच ठरले.

सर अजूनही ओरडतात. पहिल्या तुकडीत जागा न मिळाल्याने मुलगी नाराजही आहे, पण संघ बदलण्याचा विषय तिने स्वतःच बंद केला. आईला मात्र तो अधूनमधून आठवतो.